वरच्या सुराला जोर लागत नाही

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वरच्या पट्टीत कसं गावं याबद्दल जो लेख आलाय तो मला माझ्या भाचीनं फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, उद्यापासून हे चालू करते." ती सोळा वर्षांची आहे, गाणं शिकते, आवाज गोड आहे आणि तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या सा च्या, जवळ आली की अडकते म्हणून बिचारी वैतागलेली आहे. लेखातल्या एका परिच्छेदाखाली तिनं पेनानं रेघ मारली होती. वरचे सूर यायला हवे असतील तर रोज तासभर पोटातून पूर्ण जोर लावून तार सप्तकात गायचं, सुरुवातीला घसा बसेल, त्याकडे लक्ष द्यायचं नाही, घसा बसून सुटला की आवाज उघडतो, असा त्या परिच्छेदाचा मथितार्थ. मी तिला लगेच फोन केला आणि म्हटलं हे करू नकोस, आणि मग वाटलं की हा लेख वाचणारी ती एकटीच नसणार, बाकीच्यांना फोन कोण करणार? म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय पण शक्य असेल तर कापू नका.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, माझ्या स्वतःच्या घशावर झालंय. चोवीस वर्षांचा असताना मी काळी एकमध्ये गायचो, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा माझा सा, आणि तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या ग पर्यंत, कसाबसा जायचो, मध्यमाला, म्हणजे म ला, आवाज फाटायचा नाहीतर एकदम पातळ होऊन निसटायचा. ज्यांच्याकडे शिकत होतो ते मनानं फार चांगले होते, स्वतः उत्तम गायचे, पण त्यांच्याकडे यावर एकच औषध होतं, "जोर लाव, लाजू नकोस." मी जोर लावला. तीन महिने रोज लावला. मानेच्या शिरा टम्म फुगायच्या, हनुवटी वर जायची, चेहरा लाल व्हायचा, आणि कधीकधी पंचम, म्हणजे प, लागायचाही, त्यामुळे वाटायचं की जमतंय. मग सकाळी उठल्यावर आवाज घोगरा यायला लागला, दुपारपर्यंत सुटायचा, नंतर दुपारीही सुटेना, आणि सगळ्यात विचित्र म्हणजे मोठ्यानं गाताना काही सूर यायचे पण तेच सूर हळू आवाजात गायला गेलो की नुसती हवा यायची. शेवटी कानानाकघशाच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि स्क्रीनवर दाखवलं, दोन्ही स्वरतंतूंच्या मधोमध समोरासमोर सूज होती, जिथे ते एकमेकांवर आपटतात बरोबर तिथेच. ऑपरेशन लागलं नाही हे नशीब. आधी विश्रांती, मग आवाजाच्या थेरपिस्टकडे सहा महिने, आणि त्याच बाईंनी मला पहिल्यांदा सांगितलं की वरचा सूर नेमका तयार कसा होतो. इतकी वर्षं गाणं शिकून हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे बघा, पेटीचा भाता कितीही जोरात मारला तरी सा चा रे होत नाही, सा फक्त मोठा होतो. रे हवा असेल तर दुसरी पट्टी दाबावी लागते. तंबोऱ्याची तार जोरात छेडली म्हणून चढत नाही, खुंटी पिळावी लागते. हे आपण सगळे वाद्यांच्या बाबतीत जाणतो आणि गळ्याच्या बाबतीत मात्र भाता मारत बसतो. गळ्यातली खुंटी वेगळी आहे आणि भाता वेगळा आहे, एवढं एकच वाक्य मला चोवीसाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

स्वरतंतू म्हणजे काही खऱ्या तारा नाहीत, स्वरयंत्रातल्या स्नायूंच्या दोन मऊ घड्या आहेत, पुरुषांमध्ये साधारण १७ ते २५ मिलिमीटर लांब आणि बायकांमध्ये साधारण १२ ते १७. काळी एकचा पुरुषांचा मध्य षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कंपनं, तार षड्ज त्याच्या दुप्पट म्हणजे २७७, तार मध्यम ३७० आणि तार पंचम ४१५. म्हणजे तार पंचमावर एक सेकंद थांबलात तर त्या दोन इवल्याशा घड्या चारशेपंधरा वेळा एकमेकींना भेटतात. आता त्या हलक्या भेटतात का आपटतात यावर सगळं अवलंबून आहे हे तुम्हीच बघा. मी तीन महिने रोज तासभर त्यांना आपटत होतो.

या घड्या लांब, पातळ आणि ताणलेल्या झाल्या की सूर चढतो. ते काम मुख्यतः स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूचा एक छोटा स्नायू करतो, क्रिकोथायरॉइड नावाचा. आणि घड्यांच्या आतच दुसरा एक स्नायू आहे, थायरोअॅरिटेनॉइड, तो त्यांना आखूड आणि जाड करतो, बोलताना आणि खालच्या सुरात भरदार आवाज येतो तो याच्यामुळे. सूर चढत जातो तसं पहिल्यानं जास्त काम घ्यायचं आणि दुसऱ्यानं हळूहळू सोडायचं असतं, अगदी पूर्ण नाही पण सोडायचं. जोर लावणारा काय करतो तर दुसऱ्याला सोडतच नाही, जाड घडी तशीच धरून वर ओढतो, मग ती हलावी म्हणून खालून हवेचा दाब वाढवतो, दाब वाढला की घडी अजून घट्ट मिटते, की अजून दाब. हे एका मर्यादेपर्यंत चालतं आणि मग आवाज फाटतो, कारण ओढाताणीत दुसरा स्नायू एकदम हात सोडून देतो. पुरुषांमध्ये हे बहुतेकांचं साडेतीनशे कंपनांच्या आगेमागे होतं, कुणाचं थोडं आधी कुणाचं थोडं नंतर, आणि काळी एकमध्ये गाणाऱ्याला ती जागा म्हणजे तार गंधार मध्यम. मला वाटायचं मध्यमाशी माझंच काहीतरी वाकडं आहे!

बायकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीचा मध्य धैवत, म्हणजे मधल्या सप्तकातला ध, साधारण तेवढ्याच कंपनांवर येतो, म्हणजे बोलण्याचा जाड आवाज तसाच ओढत नेला तर तिची अडचण मध्य सप्तकाच्या धैवत निषादालाच सुरू होते आणि तार षड्जापर्यंत पोचेस्तोवर ओरडणं सुरू झालेलं असतं. माझ्या भाचीचं नेमकं हेच होतंय. तिला वाटतं तार षड्ज कठीण आहे, खरं तर चूक दोन सूर खालीच झालेली असते.

हे स्नायूंचं बोटानं तपासता येतं. गळ्याच्या पुढच्या उंचवट्यावर बोट ठेवा, तिथून हळूच खाली सरका, एक छोटी मऊ फट लागेल आणि तिच्याखाली कडक कडं. आता बोट त्या फटीवर हलकंच ठेवून हळू आवाजात खालून वर सायरनसारखा सूर न्या. फट बारीक होताना जाणवते. तीच खुंटी. मला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं कारण इतके दिवस मी समजत होतो की माझा घसाच वाईट आहे, आणि तो तर न बोलता आपलं काम करत होता, मीच वरून ढकलत होतो.

हे ज्ञान काही कालपरवाचं नाही. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात असलेल्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात संगीतरत्नाकर या ग्रंथात लिहून ठेवलंय की मंद्र म्हणजे खालचं सप्तक हृदयात, मध्य कंठात आणि तार मस्तकात, आणि प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. दुप्पट हे तर आज हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाच्या कंपनांत, मोजलं तरी तंतोतंत तसंच आहे. आणि तार मस्तकात म्हणजे काय, तर वरचा सूर नीट लागला की त्याची थरथर छातीत जाणवत नाही, कपाळात आणि टाळूच्या मागे जाणवते. पाश्चात्य गायक ज्याला हेड व्हॉइस म्हणतात ते नावसुद्धा याच जाणिवेवरून आलंय. जवळजवळ आठशे वर्षांपूर्वीच्या माणसानं सांगितलं की सूर डोक्यात जातो आणि आपण आज पोरांना सांगतो पोटातून ढकल.

आणि ज्यांना डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही त्यांच्यासाठी, जिवंत माणसाच्या गाणाऱ्या गळ्याचा अभ्यास पहिल्यांदा ज्यांनी नीट मांडला ते डॉक्टर नव्हते, गाण्याचे शिक्षक होते. मान्युएल गार्सिया. १८५४ साली त्यांनी दाताच्या डॉक्टरांचा छोटा आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशानं सूर्यप्रकाश आत टाकून स्वतःचेच स्वरतंतू गाताना बघितले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते मांडलं. याच गार्सियांकडे १८४१ मध्ये जेनी लिंड ही स्वीडनची विशीतली गायिका आली होती, सतत गाऊन आवाज पार थकलेला. त्यांनी तिला काय सांगितलं असेल? जोर लाव? नाही. सहा आठवडे गाऊ नकोस, शक्य तितकं बोलूही नकोस आणि मग ये. ती थांबली, परत आली, त्यांच्याकडे शिकली आणि पुढे सगळ्या युरोपात गाजली. घसा बसला तरी गात राहा असं सांगणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर आठवावी.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर आपल्याकडे फार गैरसमज आहे. चोरटा आवाज. वरच्या सुरात आवाज पातळ झाला की लगेच गुरुजी म्हणतात चोरटा लावू नकोस, मोकळा लाव, आणि पुरुष असेल तर वर बायकी म्हणून हिणवतात. मैफिलीत पातळ, पोकळ आवाज चांगला वाटत नाही हे मला मान्य आहे, गाण्याचा आवाज मोकळा आणि भरीवच हवा यात वादच नाही. पण शिकताना तो पातळ आवाज शत्रू नाही, तो दरवाजा आहे. कारण त्या पातळ आवाजात वर सांगितलेला खुंटीचा स्नायू एकटा, कुणाच्या अडथळ्याशिवाय काम करत असतो, म्हणजे वरचा सूर तुमच्या गळ्यात आहे याचा तो पुरावाच आहे. त्याला लाजून बंद केलं तर त्या स्नायूला कधी ताकदच येत नाही. थेरपिस्टबाईंनी मला पहिले दोन महिने फक्त त्याच आवाजात गायला लावलं, अगदी हळू, घुबडासारखं ऊ ऊ करत, आणि वरून खाली. हे वरून खाली फार महत्त्वाचं आहे. आपण नेहमी सा रे ग म करत चढतो, म्हणजे जाड आवाज बरोबर घेऊन चढतो आणि वर जाऊन अडकतो. त्याऐवजी वरच्या हलक्या सुरावरून सुरुवात करून उतरत यायचं, म्हणजे हलकेपणा खाली येतो, आणि जिथे आवाज फाटायचा ती जागा कधी ओलांडली ते कळतही नाही. मग उतरताना हळूहळू थोडा थोडा भरीवपणा मिसळायचा, आमटीत मीठ टाकल्यासारखा नाही एकदम, जरा जरा. मला मध्यम मोकळ्या आवाजात पहिल्यांदा लागला तेव्हा आठ महिने झाले होते, पंचमाला वर्ष उलटून गेलं. पण लागला तो असा लागला की शेजारच्या खोलीतून बायकोनं विचारलं रेडिओ लावलायस का, आणि मी मात्र गाताना बोलताना लागते तितकीसुद्धा मेहनत केली नव्हती.

व्यायामांबद्दल विचाराल तर मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो साध्या स्ट्रॉचा. स्ट्रॉ ओठात धरायचा, नाकातून हवा निसटू द्यायची नाही आणि त्यातून ऊ असा सूर काढत सायरनसारखं वर खाली जायचं, गाणं गुणगुणलं तरी चालतं. अर्धा ग्लास पाण्यात स्ट्रॉचं टोक दोन बोटं बुडवून बुडबुडे काढत गायलं तर सुरुवातीला अजून सोपं पडतं. यात जादू काही नाही. पुढचा मार्ग अरुंद झाला की हवेचा थोडा दाब मागे परततो आणि तो स्वरतंतूंना वरून आधार देतो, त्यामुळे ते न आपटता हलके भेटतात आणि तरी सूर स्वच्छ लागतो. इंगो टित्झे या अमेरिकी शास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय आणि आज जगभर थेरपीत हे वापरतात. स्ट्रॉ नसेल तर ओठांची थरथर, लहान मुलं गाडी गाडी खेळताना करतात ती, किंवा तोंड बंद ठेवून म म, किंवा जिभेचा मागचा भाग टाळूला लावून ङ. दिवसातून पाच पाच मिनिटं चार वेळा केलेलं हे काम एका तासाच्या ओरडण्यापेक्षा कितीतरी पुढे नेतं. आणि यात एक चांगलं आहे, स्ट्रॉमधून जोर लावताच येत नाही, लावला की सूर लगेच अडखळतो, म्हणजे समोर गुरू नसतानाही चूक कळते.

मग श्वास. पोटातून गा हे वाक्य अर्धवट आहे आणि अर्धवट म्हणूनच घातक आहे. आवाज पोटातून येत नाही, पोट आणि बरगड्या फक्त हवा किती सोडायची ते सांभाळतात. श्वासपटल, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, तर श्वास आत घेणारा स्नायू आहे, त्यानं हवा बाहेर ढकलता येतच नाही. गाताना बरगड्या लगेच कोसळू द्यायच्या नाहीत, हवा वाचवत वाचवत सोडायची, दमसास म्हणतात तो हाच. वरच्या सुराआधी छाती फुटेस्तोवर हवा भरून घ्यायची सवय बहुतेकांना असते, मलाही होती, पण जितकी जास्त भरणार तितकी ती बाहेर पडायला धडपडणार आणि तो सगळा भार स्वरतंतूंवर येणार. वरच्या सुराला हवा जास्त लागत नाही हे स्वतः करून बघितल्याशिवाय कुणाला पटत नाही. थेरपिस्टबाई मला स्स असा आवाज एकसारखा वीस सेकंद काढायला सांगायच्या, सुरुवातीला जास्त आणि शेवटी फुस्स असं नको, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सारखा. साधं वाटतं, करून बघा.

आणि शब्द! याबद्दल तर कुणीच बोलत नाही. ई आणि ऊ या स्वरांचा तोंडातला सगळ्यात खालचा अनुनाद, म्हणजे तोंडाची पोकळी ज्या कंपनांना आपोआप साथ देते तो, तीनशे कंपनांच्या आसपास असतो, आ चा त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे सूर साडेतीनशेच्या वर गेला की घट्ट ई ला तोंडाची पोकळी आधारच देत नाही आणि गायकाला वाटतं आपला सूर दबतोय, मग तो अजून जोर लावतो. उपाय इतका सोपा आहे की सांगायला संकोच वाटतो. जबडा थोडा मोकळा सोडायचा आणि मी हा शब्द वर किंचित मे कडे झुकवायचा, तू हा तो कडे. ऐकणाऱ्याला मी आणि तू च ऐकू येतं. तार सप्तकात मोठे गायक तोंड कसं उघडतात ते एकदा आवाज बंद करून बघा, लगेच लक्षात येईल. त्याच बरोबर जिभेचं मूळ आणि जबडा, हे दोघे वरच्या सुराला मदत करतो असं समजून ताठ होतात आणि स्वरयंत्राला वर ओढतात, गिळताना जसं वर जातं तसं. हनुवटीखाली अंगठा लावून गाऊन बघा, अंगठ्याला कडकपणा लागला तर समजा जीभ मधे पडतेय. जांभई सुरू होताना घसा जसा आतून मोकळा होतो तेवढा मोकळेपणा पुरे, पूर्ण जांभई नको नाहीतर आवाज मागे जाऊन गुदमरतो.

सगळ्यांना सगळे सूर येतील असं मात्र मी म्हणणार नाही आणि कुणी तसं वचन देत असेल तर विश्वास ठेवू नका. स्वरतंतूंची लांबी आपण ठरवत नाही. तंत्रानं वरचे चार पाच सूर आरामात मिळतात, कुणाला जास्त, आणि जे आधी ओढून यायचे ते सहज येतात, हे काही कमी नाही. बाकीचं काम पट्टी बदलून होतं. पेटीवरची लगतची एक पट्टी, काळी असो वा पांढरी, खाली आलं की कंपनं जवळजवळ सहा टक्क्यांनी उतरतात, दोन पट्ट्या उतरलात तर काळी एकचा तुमचा फाटणारा मध्यम थेट गंधाराच्याही खाली येऊन बसतो. आता तर कराओके ट्रॅकची पट्टीसुद्धा मोबाईलवर बदलता येते. तरी मूळ पट्टीतच गाणार हा हट्ट कशासाठी? स्पर्धांमध्ये ज्या क्षणी पोरगं किंचाळत वरचा सूर लावतं त्या क्षणी टाळ्या पडतात आणि परीक्षक उभे राहतात, तिथेच हे सगळं सुरू होतं. परीक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, मान बघा त्या मुलाची. मानेच्या शिरा दिसत असतील तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला पट्टी उतरवायला सांगा. विशेषतः आवाज फुटायच्या वयातल्या मुलांना. त्या वयात मुलांचा आवाज सुमारे एक सप्तक खाली येतो, मुलींचाही थोडा उतरतो, स्वरयंत्र वाढत असतं, आणि कालपर्यंत येणारा सूर आज येत नाही यात त्या मुलाचा काहीच दोष नसतो.

घसा बसणं ही प्रगतीची खूण नाही, ती सूज आहे. हे वाक्य कृपया ठळक छापा. गाऊन झाल्यावर दुखत असेल, खवखवत असेल, दुसऱ्या दिवशी आवाज जड असेल तर आदल्या दिवशी काहीतरी चुकलं. माझ्या बाबतीत जी खूण सगळ्यात आधी आली आणि मी दुर्लक्ष केलं ती म्हणजे वरचे सूर हळू आवाजात न येणं, सूज आली की नाजूक वरचे सूर पहिले जातात, मोठ्यानं गाताना ते झाकलं जातं. म्हणून रोज सकाळी एखादी ओळ वरच्या सुरात अगदी हळू गाऊन बघावी, एरवी येते आणि आज येत नाही असं झालं तर त्या दिवशी रियाज नको. सारखं खाकरणं टाळावं, त्याऐवजी एक घोट पाणी. पाणी थेट स्वरतंतूंवर जात नाही, ते अन्ननलिकेतून जातं, त्यामुळे गायच्या आधी ढसाढसा पिऊन उपयोग नाही, दिवसभर थोडं थोडं प्यायला हवं, वाफ मात्र थेट पोचते. आणि आवाज दोन तीन आठवडे घोगराच राहिला तर घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टरांकडून स्वरतंतू बघून घ्यावेत. कॅमेऱ्याची तपासणी काही मिनिटांत होते, मी ती चार महिने उशिरा केली.

संपादक महाशय, लेखकाबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांना जे सांगितलं गेलं तेच त्यांनी पुढे सांगितलं असणार, माझ्या गुरुजींनीही तेच केलं होतं. पण वर्तमानपत्रात छापलेल्या गोष्टीला वजन असतं, सोळा वर्षांची मुलगी त्याखाली रेघ मारते. आवाजाच्या डॉक्टरांकडून आणि ज्या शिक्षकांना हे तंत्र शिकवता येतं त्यांच्याकडून याच विषयावर एक लेख मागवून घ्याल का? आणि त्या परिच्छेदापुरती एक छोटी दुरुस्ती, कोपऱ्यात का होईना.

भाचीला मी परवा स्ट्रॉ घेऊन बसवलं होतं. पहिली दहा मिनिटं ती म्हणत होती मामा, हे काय गाणं आहे का. मग तिला तार रिषभावरून हळू आवाजात खाली उतरायला लावलं, एकदा, दोनदा, पाच सहा वेळा, आणि मग स्ट्रॉ काढून त्याच हलकेपणानं आ म्हणायला सांगितलं. तार षड्ज आला. बारीक होता, थोडा थरथरत होता, पण मान सैल होती. ती गप्प झाली, मग म्हणाली, "पण मी तर काहीच केलं नाही." कात्रणावरच्या त्या परिच्छेदावर आता तिनंच काट मारलीय. दुरुस्ती छापलीत तर ती त्याच्या शेजारी चिकटवायला जागा ठेवलीय.

आपला,
एक जुना वाचक आणि हौशी गायक